‘हॉट स्प्रिंग’ रिसॉर्ट म्हणजे खरे कुंड की तापवलेला हौद? थीम पार्कच्या सहलीआधी काय तपासावे

परीक्षा संपल्या की गोंडपिपरीतल्या घराघरांत एक प्रश्न ठरलेला असतो: यंदा पोरांना कुठे न्यायचे? ताडोबा हाकेच्या अंतरावर आहे, पण मोहर्लीच्या जिप्सीपेक्षा मुलांना मोबाइलवर दिसणारा रोलर कोस्टर जास्त खुणावतो. मग थीम पार्कचा शोध सुरू होतो, त्याच्या शेजारचे हॉटेल शोधले जाते आणि स्क्रीनवर एक आकर्षक ओळ येते, ‘पार्कजवळ रिसॉर्ट, गरम पाण्याच्या कुंडासह’. आजी-आजोबांच्या गुडघ्यांना शेक, मुलांना झोके, एकाच खर्चात दोन्ही. बुकिंगचे बटण दाबायला एवढे पुरेसे असते.

अडचण अशी की या एका ओळीत तीन वेगवेगळे दावे आहेत. पार्क किती जवळ, रिसॉर्ट कितपत रिसॉर्ट, आणि कुंडातले पाणी जमिनीतून येते की गीझरमधून. चंद्रपूरसारख्या टोकाच्या जिल्ह्यातून जाणाऱ्या कुटुंबाला चूक परवडत नाही. मुंबई-पुण्याच्या माणसाला हॉटेल आवडले नाही तर तो संध्याकाळी घरी परततो. गोंडपिपरीहून गेलेल्या चौघांचे परतीचे तिकीट तीन दिवसांनंतरचे असते.

महाराष्ट्रात अशी जागा आहे का?

पार्क आणि कुंड एकाच आवारात, असे ठिकाण राज्यात नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पण दोन्ही एका दिवसाच्या टप्प्यात येतील असे दोन पट्टे मात्र नक्की आहेत.

पहिला रायगड जिल्ह्यातला खोपोली–पाली रस्ता. याच रस्त्यावर खालापूर तालुक्यात सांगडेवाडीला इमॅजिका आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये ते सुरू झाले, पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आला, २०१५ मध्ये पार्कला लागूनच नोव्होटेल हॉटेल उघडले आणि २०१६ मध्ये स्नो पार्कची भर पडली. २०२२ मध्ये या उद्योगाची सूत्रे मालपाणी समूहाकडे गेली. याच रस्त्याने पुढे गेले की बल्लाळेश्वराची पाली लागते आणि पालीपासून साधारण तीन किलोमीटरवर उन्हेरे. तिथे गरम पाण्याची कुंडे आहेत. थोडक्यात, एका मुक्कामात रोलर कोस्टर, अष्टविनायकातला एक गणपती आणि कुंडातली आंघोळ असे तिन्ही जमू शकते. पण हॉटेल पार्कला चिकटून आहे, कुंड नाही. पार्कजवळच्या एखाद्या जागेने ‘हॉट स्प्रिंग’ असे लिहिले असेल, तर ते पाणी कुठून आणले, हा पहिला प्रश्न.

दुसरा पट्टा तानसा नदीकाठचा: वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचे मंदिर बांधले, हा इतिहास शाळेत वाचलेला असतो. कुंडे त्याहून जुनी आहेत. इथे मात्र हॉटेल आणि कुंड यांचे अंतर खरोखर कमी आहे, आणि गरम झऱ्याचे पाणी पाइपने न्हाणीपर्यंत आणल्याचे सांगणाऱ्या जागाही आढळतात. पारोळ येथील ग्रेट एस्केप वॉटर पार्क याच भागात आहे. पण तो वॉटर पार्क आहे, मोठ्या राइड्सचा थीम पार्क नव्हे. दोन्ही शब्द जाहिरातीत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. मुलाच्या मनात उंच लोखंडी रुळांवरची गाडी असेल आणि समोर घसरगुंडी आली, तर पहिल्या तासातच सहल बिघडते.

पाणी गरम कसे होते?

महाराष्ट्रात जिवंत ज्वालामुखी नाही, तरी पालघरपासून रत्नागिरीपर्यंत कोकणात गरम झऱ्यांची एक माळच आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपते. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. एक-दोन किलोमीटर खोल गेलेले पाणी तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. वाटेत खडकातले क्षार, गंधकाची संयुगे विरघळतात. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्याचाच. देशात असे तीनशेहून अधिक झरे नोंदलेले आहेत. दापोली तालुक्यातल्या उन्हवरेचे पाणी सत्तर अंशांच्या आसपास असते, म्हणजे थेट अंगावर घेता येत नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरी पट्ट्यात ते पन्नासच्या जवळपास, तर उन्हेरेत चाळिशीत.

खरे कुंड आणि तापवलेला हौद यांतला फरक इथे लक्षात येतो. झरा वाहता असतो. तो रात्रीही बंद होत नाही, त्याचे तापमान तासाला बदलत नाही आणि पाणी ‘आज सोडले, उद्या नाही’ असे होत नाही. हॉटेलने ‘गरम पाण्याचे कुंड सायंकाळी ५ ते ८’ असे लिहिले असेल, तर ते बहुधा बॉयलरचे किंवा हीट पंपाचे वेळापत्रक आहे.

वेळापत्रक का असते, ते साध्या गणिताने कळते. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सव्वा मीटरपेक्षा थोडा कमी, म्हणजे १.२ मीटर खोल हौद घेतला, तर त्यात ३८,४०० लिटर पाणी मावते. ते २७ अंशांवरून ४० वर न्यायला साधारण ५८० युनिट ऊर्जा लागते. ही थेट विजेच्या कॉइलने दिली आणि युनिटला १० रुपये धरले, तर एकदाच तापवण्याचे ५,८०० रुपये. हीट पंप वापरला तर वीज साधारण चौथाईवर येते, तरीही हजार-दीड हजार झाले. वरून वाफेने निघून जाणारी उष्णता वेगळी. म्हणून हौद तापवणारा मालक पाणी रोज बदलत नाही, तेच फिरवून गाळतो. यात गैर काही नाही, जगभर असेच चालते. फक्त त्याला ‘झरा’ म्हणून दर लावणे गैर.

फोनवर तीन प्रश्न विचारले की बहुतेक उलगडा होतो. पाणी उगमापासून हौदापर्यंत किती अंतरावरून येते? वाहून जाते की पंपाने परत फिरते? आणि उगमाशी त्याचे तापमान किती? ज्याच्याकडे खरा झरा आहे तो तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अभिमानाने देतो. ज्याच्याकडे नाही तो ‘सर, तुम्हाला हवे तेवढे गरम करून देऊ’ म्हणतो. हे वाक्य ऐकले की समजून जावे.

जपानने व्याख्या केली, आपण नाही

जपानमध्ये १९४८ पासून गरम झऱ्यांचा स्वतंत्र कायदा आहे. उगमाशी पाणी २५ अंश किंवा त्याहून गरम असावे, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असावा, तरच त्याला ‘ओन्सेन’ म्हणता येते. स्नानगृहात पाण्यातल्या घटकांचा तक्ता लावावा लागतो. पाणी वरून तापवले, त्यात साधे पाणी मिसळले किंवा फिरवून वापरले, तर तेही सांगावे लागते. आपल्याकडे ‘हॉट स्प्रिंग’ शब्द कोणी कुठेही लिहू शकतो.

तिथलेच एक उदाहरण चंद्रपूरकरांना विशेष जवळचे वाटेल. फुकुशिमातल्या इवाकी शहराजवळ जोबान नावाची कोळसा खाण होती. खाणीत गरम पाणी एवढे येई की ते उपसून फेकणे हाच मोठा खर्च. १९६० च्या दशकात तेलापुढे कोळसा मागे पडला, खाण तोट्यात गेली. कंपनीने ज्या पाण्याला शिव्या घातल्या होत्या, तेच वापरून १९६६ मध्ये जोबान हवाइयन सेंटर हे मोठे जलविहार केंद्र उघडले. खाणकामगारांच्या मुलींना हुला नृत्य शिकवून मंचावर उभे केले. आज स्पा रिसॉर्ट हवाइयन्स या नावाने ते चालते. २०११ च्या भूकंपात ते बंद पडले आणि काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाले. २००६ चा ‘हुला गर्ल्स’ हा चित्रपट याच गोष्टीवर आहे. पार्क, हॉटेल आणि गरम झरा एका छताखाली म्हणजे काय, ते पाहायचे तर हे.

आपल्या शेजारीही कोळशाच्या शोधात गरम पाणी सापडले आहे. तेलंगणातल्या मणुगुरू भागात सिंगरेनी कंपनीच्या खोदकामात जमिनीतून गरम पाणी वर आले. तिथे पगिडेरू गावी त्याच पाण्यावर २० किलोवॉटचा प्रायोगिक वीज प्रकल्प उभारण्यात आला. रिसॉर्ट मात्र नाही.

गोंडपिपरीहून हिशेब कसा बसतो?

समजा, दोन मोठे, दोन मुले. खोपोलीला जायचे तर बल्लारशाहहून रेल्वे गाठावी लागेल. नंदिग्राम एक्स्प्रेस आदिलाबाद, किनवट, नांदेड, मनमाडमार्गे कल्याणला पोहोचते. तिथून कर्जतमार्गे खोपोली लोकल आणि पुढे रिक्षा किंवा टॅक्सी. अंतर नऊशे किलोमीटरच्या घरात. जाण्या-येण्यात जवळपास दोन दिवस जातात. पाच दिवसांच्या सुट्टीत हातात उरतात तीन. यात पार्कला एक पूर्ण दिवस, वॉटर पार्कला दुसरा, आणि पाली-उन्हेरेला अर्धा. हॉटेलात राहायला वेळच किती मिळतो, हे बघून खोलीवर पैसे घालावेत. सकाळी दहाला बाहेर पडून रात्री नऊला परतणाऱ्या कुटुंबाने महागड्या ‘पूल व्ह्यू’ खोलीचे पैसे भरणे म्हणजे न पाहिलेल्या दृश्याचे पैसे भरणे.

याउलट फक्त पार्क हवा असेल, तर हैदराबाद कितीतरी जवळ आहे. बल्लारशाह ते सिकंदराबाद रेल्वेने पावणेचारशे किलोमीटरच्या आत. पोडसा पुलावरून वर्धा नदी ओलांडून सिरपूर-कागजनगर गाठणारेही तालुक्यात पुष्कळ आहेत. रामोजी फिल्म सिटीच्या आवारातच सितारा आणि तारा ही हॉटेले आहेत, २०१६ मध्ये सुरू झालेले वंडरलाही शहराच्या कडेला आहे. नागपूरच्या आसपासचे वॉटर पार्क तर सकाळी जाऊन रात्री परतण्यासारखे.

आणि फक्त कुंड हवे असेल, तर नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात पैनगंगेकाठचे उनकेश्वर आहे. गरम, गंधकयुक्त पाण्याची कुंडे, शंकराचे जुने मंदिर, आणि शरभंग ऋषींची रामायणाशी जोडलेली आख्यायिका. त्वचेच्या तक्रारी घेऊन विदर्भ-मराठवाड्यातून लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे जातात. खोपोलीला जाणारी नंदिग्राम ज्या किनवटहून जाते, तिथेच उतरून जायचे. रिसॉर्टचा थाट नाही, पण झरा खरा आहे. आजीला कुंड आणि नातवाला रोलर कोस्टर हे दोन वेगळ्या सहलींत करणे अनेक घरांना जास्त स्वस्त पडेल.

महिन्याचाही विचार हवा. मे महिन्यात गोंडपिपरीच्या टाकीतले पाणीच दुपारी कुंडासारखे असते. पारा ४५ च्या वर असताना गरम आंघोळीसाठी नऊशे किलोमीटर जाणाऱ्याला शेजारी वेड्यात काढतील. कुंडाची खरी मजा डिसेंबर-जानेवारीत. मात्र विदर्भातील पालकांकडे एक संधी असते. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात महिन्याच्या शेवटी. मधल्या त्या पंधरवड्यात तिकडच्या हॉटेलांत गर्दी ओसरलेली असते आणि दर उतरतात. धोका एवढाच की कोकणचा पाऊस तोवर आलेला असतो आणि जोराच्या पावसात, विजा चमकत असताना उघड्यावरच्या राइड्स थांबवल्या जातात. तिकिटाचे पैसे परत मिळतात की दुसऱ्या दिवशीचा प्रवेश, हे आधी वाचून घ्यावे.

७,४०० ची खोली आणि ७,८०० ची खोली

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेल खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो. त्यापुढे १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते, पण ७,८०० ची थेट ९,२०४ ला. मूळ दरात फरक ४०० चा, खिशातून जाणारा फरक १,४३४ चा. दोन रात्रींत चौघांच्या जेवणाचे पैसे निघतात. ॲपवर ठळक अक्षरात दिसतो तो बहुतेक वेळा करापूर्वीचा आकडा, त्यामुळे शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघितल्याशिवाय तुलना करू नये. थीम पार्क आणि वॉटर पार्कच्या प्रवेशावर १८ टक्के कर आहे.

पॅकेजमध्ये पार्कचे तिकीट धरले असेल तर ते वेगळे घेतले असता किती पडते, ते पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून वजाबाकी करावी. कधी पॅकेज खरेच स्वस्त असते. कधी त्यात ज्या मुलाला राइडवर बसताच येणार नाही त्याचेही पूर्ण तिकीट असते. मोठ्या राइड्सना वयाची नव्हे, उंचीची अट असते. घरी भिंतीशी उभे करून मुलाची उंची मोजावी आणि पार्कच्या यादीशी ताडून पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे, पण रांगेत तासभर थांबून परत फिरणाऱ्या मुलाचा चेहरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे महत्त्व कळेल.

‘पार्कपासून १० मिनिटे’ हे कोणत्या वाहनाने, तेही विचारावे. नकाशावर हॉटेल ते पार्कचे प्रवेशद्वार असे अंतर टाकून पाहिले की मिनिटांचे किलोमीटर होतात. स्वतःची गाडी नसलेल्यांसाठी हॉटेलची बस किती वाजता सुटते आणि पार्क बंद झाल्यावर शेवटची कधी, हे जास्त महत्त्वाचे. पार्कच्या बाहेर रात्री रिक्षा मिळेलच असे नाही.

कुंडात उतरण्याआधी

गरम कुंडात ४० अंशांपेक्षा जास्त तापमानाच्या पाण्यात बसू नये आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरे. गर्भवतींनी, हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर पाणी किती कढत आहे ते पायाला कळत नाही, फोड आल्यावर कळते. हाताच्या कोपराने किंवा साध्या थर्मामीटरने आधी तपासावे. गंधकाच्या पाण्याने काहींना खाज कमी झाल्यासारखी वाटते, पण त्या भरवशावर चालू औषध बंद करणे महागात पडू शकते.

दुसरी गोष्ट नाकाची. गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा वाढू शकतो. पाणी गिळल्याने तो बाधत नाही, नाकातून वर गेल्यास मेंदूपर्यंत पोहोचतो. आजार अतिशय दुर्मीळ, पण झाला तर बहुधा जीवघेणा. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूच्या अशा संसर्गाचे रुग्ण आढळल्याने तो चर्चेत आला. नैसर्गिक कुंडात डोके बुडवू नये, मुलांना सूर मारू देऊ नये, एवढी काळजी पुरेशी. तापवलेल्या हौदात याउलट क्लोरिन असायलाच हवे. तिथे पाणी गढूळ असेल, कडेला बुळबुळीत थर असेल, तर ‘नैसर्गिक आहे’ हे उत्तर स्वीकारू नये.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुटुंबांसाठी याहून महत्त्वाचा मुद्दा सिकलसेलचा आहे, आणि तो कोणत्याही प्रवासाच्या ॲपवर सापडणार नाही. या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. शरीरातले पाणी कमी होणे, थकवा आणि एकदम थंडी या तिन्ही गोष्टी त्यांना तीव्र वेदनांचा झटका आणू शकतात. थीम पार्कच्या एका दिवसात तिन्ही एकत्र येतात: उन्हात रांग, दिवसभर चालणे, मग वॉटर पार्कचे गार पाणी किंवा स्नो पार्कची थंडी. गरम कुंडात घाम गाळून लगेच गार पाण्यात उडी मारणे तर टाळावेच. ‘एसएस’ प्रकारच्या रुग्णाला न्यायचे असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे, पाण्याची बाटली आणि औषधे हाताशी ठेवावीत, ओले कपडे लगेच बदलावेत. हॉटेल निवडताना जवळचे रुग्णालय किती लांब, हे अशा घरांनी स्विमिंग पूलच्या आधी पाहावे.

फसवणूक झाली तर?

जाहिरातीत झरा आणि प्रत्यक्षात गीझर निघाला, तर परत येऊन गप्प बसण्याची गरज नाही. बुकिंगच्या वेळचे पान, ‘हॉट स्प्रिंग’ लिहिलेली ओळ, फोटो आणि पैसे भरल्याची पावती यांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावेत. जाहिरात नंतर बदलता येते. फोनवर मिळालेली उत्तरे व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर लेखी मागून घ्यावीत. ‘आपण सांगितल्याप्रमाणे पाणी झऱ्याचे आहे, बरोबर ना?’ एवढा एक संदेश आणि त्याला आलेले ‘होय’ पुढे पुरावा ठरू शकते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे न सुटल्यास ग्राहक आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने इथे लांबच्या ग्राहकाची मोठी सोय केली आहे. पूर्वी हॉटेल जिथे, तिथल्या जिल्ह्यात जावे लागे. आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते. म्हणजे रायगड किंवा पालघरच्या हॉटेलविरुद्ध गोंडपिपरीच्या ग्राहकाला चंद्रपूरच्या जिल्हा आयोगात जाता येते, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. बिलात सेवा शुल्क सक्तीने लावले असेल तर ते काढायला सांगता येते. त्यावरील केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवली आहेत.

बुकिंग रद्द करण्याची मुदत मात्र रेल्वेच्या प्रतीक्षा यादीशी जुळवून पाहावी. चार्ट गाडी सुटण्याच्या काही तास आधी लागतो आणि बहुतेक हॉटेलांची मोफत रद्द करण्याची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते. तिकीट पक्के नसेल तोवर ‘नॉन-रिफंडेबल’ दर कितीही स्वस्त दिसला तरी घेऊ नये.